टर्फवर राबणारा : भागीदार की नोकर?

गेल्या आठ-दहा वर्षांत मुंबईच्या उपनगरांपासून मालेगाव-जळगावपर्यंत एक नवा कारोबार उभा राहिला आहे. रिकामा भूखंड भाड्याने घ्यायचा, त्यावर प्लास्टिकचे हिरवे गवत अंथरायचे, चारी बाजूंनी लोखंडी खांब उभे करून वरपर्यंत जाळी लावायची, एल.ई.डी. दिवे बसवायचे आणि तासाच्या हिशेबाने मैदान भाड्याने द्यायचे. लोक त्याला टर्फ म्हणतात. टेनिस चेंडूचे बॉक्स क्रिकेट आणि पाच-सहा जणांचे फुटबॉल हे त्यावरचे मुख्य खेळ. आता काही ठिकाणी पिकलबॉलची आखणीही दिसू लागली आहे.

या धंद्यात आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने उतरले आहेत. कुणी वडिलांच्या दुकानातून पैसा काढला, कुणी आखाती देशातून परत येताना आणलेली बचत घातली, कुणी घरातील दागिने मोडले. दोघा-तिघा मित्रांनी मिळून काढलेला धंदा, म्हणून त्याला स्टार्टअप असे ऐटबाज नाव. (केंद्र सरकारच्या २०१६ च्या स्टार्टअप योजनेत एकट्या मालकाच्या पेढीला मान्यता मिळत नाही. नोंदणीकृत भागीदारी, एल.एल.पी. किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. हे नाव लावणाऱ्या कितीजणांना ते ठाऊक असेल, अल्लाहच जाणे.) टर्फ काढणाऱ्यांविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. तिथे काम करणाऱ्यांविषयी कोणी बोलत नाही. आज आम्हांस त्यांच्याविषयीच लिहायचे आहे, कारण या धंद्यात काम करणारा बहुतेक वेळा मालकाचाच मित्र, चुलतभाऊ किंवा मेव्हणा असतो, आणि त्याचे स्थान नेमके काय हे त्यालाही सांगता येत नाही.

त्याचा दिवस कसा जातो ते आधी पाहू. सकाळी सहाला दार उघडायचे, कारण मुलांचे प्रशिक्षण तेव्हाच. आठला ते संपले की मैदान रिकामे. दुपारी कोणी फिरकत नाही. उन्हात प्लास्टिकचे गवत साध्या मातीपेक्षा कितीतरी अधिक तापते, अनवाणी पाय ठेववत नाही. पण राबणाऱ्याला सुट्टी नाही. गवताच्या पात्यांमध्ये बारीक वाळू आणि जुन्या टायरांपासून केलेले रबराचे दाणे भरलेले असतात. खेळून खेळून ते कडेला सरकतात, म्हणून ब्रश फिरवून पुन्हा पसरावे लागतात. तसे न केल्यास पाती आडवी पडतात आणि गवताचे आयुष्य निम्मे होते. मग जाळीची फाटलेली घरे विणायची, शेजारच्या पत्र्यांवर गेलेले चेंडू उतरवायचे, संडास धुवायचा, पाण्याचे जार मागवायचे. संध्याकाळी पाचनंतर खरी धांदल. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वही. मोबाईलच्या अ‍ॅपवरून कोणी आठचा तास घेतलेला असतो, आणि तोच तास मालकाने मोहल्ल्यातील कुण्या भाईला तोंडी देऊन ठेवलेला असतो. दोन्ही संघ दारात. शिव्या खाणार कोण? अर्थात दारावरचा मुलगा.

रात्री बारा-एकला शेवटचा संघ निघतो. रमजानमध्ये तर तरावीहनंतर गर्दी सुरू होते आणि ती सहरीपर्यंत चालते. सगळे हिशेब जुळवून, दिवे बंद करून तो तिथल्याच पत्र्याच्या खोलीत अंग टाकतो, कारण पाच तासांनी पुन्हा दार उघडायचे असते. त्याच्या नावाच्या कार्डावर ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ छापलेले असते. पगाराचा कागद मात्र कुठेच नसतो.

हे काम वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. उलट, ज्यांनी ते केले आहे ते सांगतात की मजा आहे. गिऱ्हाईक हसत येते, दवाखान्यासारखे रडत येत नाही. ऑफिसातून थकून आलेला पन्नाशीचा माणूस षटकार मारून लहान मुलासारखा उड्या मारतो, ते पाहण्यात एक समाधान असते. ओळखी वाढतात, बोलण्याची भीड मोडते, आणि वर्ष-दोन वर्षांत हा मुलगा हिशेब, वीज, वेल्डिंग, जाहिरात, भांडण मिटवणे अशा दहा गोष्टी शिकतो, ज्या कोणत्याही आय.टी.आय.त एकत्र शिकायला मिळत नाहीत. प्रश्न शिकण्याचा नाही, मिळकतीचा आहे.

व्यापारी वाचकांसाठी आम्ही एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावेत. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद असे ५,००० चौरस फुटांचे मैदान आहे. कोरड्या आठ महिन्यांत रोज सरासरी ६ तास बुकिंग, तासाला १,००० रुपये. म्हणजे २४० दिवसांचे १४ लाख ४० हजार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत टेनिस चेंडू भिजतो, क्रिकेट बसते, फुटबॉलवाले तेवढे येतात. रोज २ तास, ८०० रुपये दराने, १२० दिवसांचे १ लाख ९२ हजार. वर्षाची आवक १६ लाख ३२ हजार, महिन्याला १ लाख ३६ हजार. ऐकायला बरे वाटते. आता खर्च : जागेचे भाडे ४० हजार, वीज २२ हजार, दोन नोकर प्रत्येकी १५ हजार म्हणजे ३० हजार, जाळी-दुरुस्ती-पाणी-अ‍ॅपचे कमिशन मिळून १२ हजार. उरले ३२ हजार. गवत पाच वर्षांनी बदलायचे आहे. चौरस फुटाला साठ रुपये धरले तरी तीन लाख, म्हणजे महिन्याला ५ हजार बाजूला ठेवलेच पाहिजेत. राहिले २७ हजार. भागीदार तीन, तेव्हा प्रत्येकाला ९ हजार.

म्हणजे दार उघडणाऱ्या नोकराला १५ हजार आणि भागीदाराला ९ हजार. आणि यात खांब-जाळी-दिवे उभारायला घातलेला मूळ पैसा परत येण्याचा हिशेब धरलेलाच नाही. मग तिघे मित्र बसतात आणि ठरवतात की नोकर कशाला, एक नोकर कमी करू, तिसरा भागीदार स्वतःच उभा राहील. तिसरा भागीदार म्हणजे ज्याने पैसा घातलेला नाही, ‘मेहनत माझी’ म्हणून जो शरीक झाला आहे तो. अर्धा किलोमीटरवर दुसरे टर्फ उघडले, त्याने तासाचा दर सातशे केला, की पहिला घाव यालाच बसतो. “या महिन्यात राहू दे भाई, पुढच्या महिन्यात पाहू.” तो राहू देतो, कारण तो भागीदार आहे. त्याला सुट्टी नाही, कारण तो भागीदार आहे. पण पैशाचा निर्णय घ्यायची वेळ आली की दोघे पैसेवाले त्याला विचारत नाहीत, तेव्हा तो नोकर असतो.

कायदा याकडे कसा पाहतो हे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे आणि तो आजही लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर धंद्यात काम केल्याबद्दल भागीदाराला पगार मागण्याचा हक्क नाही. त्याच कलमाप्रमाणे, करार नसेल तर नफा सर्वांना समान आणि तोट्याची भरपाईही सर्वांकडून समान. आणि २५ व्या कलमानुसार पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे गवतवाल्याचे दोन लाख थकले तर तो एकही रुपया न घातलेल्या मुलाच्या दारातही येऊ शकतो. दोन वर्षे रात्री जागवलेल्या मुलाला पगार नाही, आणि तोट्यात तिसरा हिस्सा. यात कुणी लबाडी केलेली असेलच असे नाही. काहीच लिहिलेले नसले की कायदा असाच चालतो.

उलट बाजूही आहे. सहावे कलम सांगते की नोकराला पगाराऐवजी नफ्यातील वाटा दिला, तर केवळ त्यामुळे तो भागीदार ठरत नाही. म्हणून दोन वर्षांनी टर्फ चांगले चालू लागले आणि मुलाने आपला तिसरा हिस्सा मागितला, तर पैसेवाले म्हणू शकतात की तू नोकर होतास. तोटा झाला तर भागीदार, नफा झाला तर नोकर. कागद नसला की दोन्ही बाजू न्यायालयात आपापले म्हणणे मांडणार, आणि वकिलांची फी टर्फच्या तासाच्या दराने ठरत नाही. शिवाय ६९ व्या कलमाची अडचण वेगळीच : पेढीची नोंदणी झालेली नसेल तर भागीदाराला करारातील हक्कासाठी पेढीवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावाच सहसा लावता येत नाही.

आता आपल्याकडील जुनी रीत पाहा. एकाने भांडवल द्यावे, दुसऱ्याने मेहनत करावी, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावा, याला मुदारबत म्हणतात, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. त्या रीतीत तोटा आला तर तो भांडवल देणाऱ्याचा. मेहनत करणाऱ्याने हलगर्जी किंवा बेइमानी केली नसेल तर त्याची मेहनत वाया गेली एवढाच त्याचा तोटा. बहुतेक टर्फवर तिघांच्या मनात हाच समज असतो. बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात करताना कुणीतरी हे बोललेलेही असते. पण मनातील समज आणि १९३२ चा कायदा यांचे पटत नाही. कायद्यात करार केला तर करार चालतो. म्हणजे मुदारबतीची अट, ‘भांडवली तोटा अमुक दोघांचा, तिसऱ्याकडे वसूल करायचा नाही’, ही लिहून घेता येते. बाहेरच्या देणेकऱ्यांपुढे ती ढाल होत नाही, पण आपसात नक्की होते. बाहेरच्यांपासूनही बचाव हवा असेल तर २००८ च्या कायद्याखालील एल.एल.पी. आहे. तिचा वार्षिक खर्च थोडा अधिक, पण घराची वीट सुरक्षित राहते.

लिहिण्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक चमत्कारिक संकोच दिसतो. सख्ख्या दोस्ताशी कागद कसला, असे म्हणतात. कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. तिथे दोस्तांना सूट दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता पगाराच्या नोकरांविषयी. मजुरी वेळेवर देण्याची हदीस आपल्या मुलांना मदरशात पाठ होते. टर्फवर मात्र शनिवार-रविवारचा गल्ला आल्याशिवाय शुक्रवारचा पगार निघत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि किमान वेतनाचा नियम कामगार कितीही थोडे असले तरी लागू होतो. याउलट कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचे दुप्पट पैसे हे सांगणारा महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. टर्फवर माणसे असतात तीन-चार. तेव्हा तासांच्या बाबतीत सरकार या मुलाच्या मदतीला येणार नाही. जे काही व्हायचे ते मालकाच्या इन्साफावर. आमचे मत स्पष्ट आहे : रात्री एकला दिवे बंद करणाऱ्याकडून सकाळी सहाला दार उघडवून घेऊ नये. दोन पाळ्या परवडत नसतील तर सकाळचे प्रशिक्षण सोडावे. अर्धवट झोपेत ओल्या खांबाजवळ विजेच्या वायरी हाताळणारा मुलगा म्हणजे रोजचा धोका आहे. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच, हा खर्च गवताच्या आधी करायचा आहे.

खांबांचीही गोष्ट तशीच. स्वस्तात काम करणारा वेल्डर खड्डा उथळ खणतो. जाळी भरलेली भिंत वळिवाच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते. मे २०२४ मध्ये घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून १७ माणसे गेली. टर्फचे खांब तेवढे मोठे नसतात, पण खाली माणसे खेळत असतात. पाया अभियंत्याकडून तपासून घेण्याचे पैसे वाचवू नयेत.

जागेचा करार हा आणखी एक फसवा भाग. गवताचे आयुष्य पाच-सात वर्षे, आणि आमच्या पाहण्यातील कितीतरी करार अकरा महिन्यांचे. मैदान चालू लागले की जागामालक भाडे वाढवतो, आणि गवत गुंडाळून दुसरीकडे नेता येत नाही, नेले तरी सांधे जुळत नाहीत. भाडे वाढले की पुन्हा कात्री कुठे लागते ते वर सांगितलेच आहे.

शेजाऱ्यांच्या तक्रारींनी कितीतरी टर्फ अडचणीत येतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्र मानतात, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहानंतर ध्वनिक्षेपक तर नकोच, पण आरडाओरडाही मोजमापात येतो. आपल्या वस्तीत कोण बोलणार, असे म्हणून चालत नाही. आजारी म्हातारी बाई आणि दहावीचा मुलगा आपल्याही वस्तीत राहतात. दारावरचा मुलगा खेळाडूंना गप्प करायला जातो आणि मार खातो, ही आम्ही ऐकलेली एकच हकिकत नाही. हे काम मालकाने स्वतः, बुकिंग घेतानाच, करायचे आहे.

आणि पैज. ‘जो हरेल तो टर्फचे भाडे देईल’ ही रीत आता इतकी रुळली आहे की पोरांना त्यात काही वावगे वाटत नाही. तिच्या जाइज-नाजाइजविषयी उलमा सांगतील, तो आमचा अधिकार नाही. आम्ही फक्त काम करणाऱ्याच्या बाजूने बोलतो. भाड्यावरून सुरू झालेली पैज पाच-दहा हजारांवर जाते, आणि दोन्ही संघ रक्कम दारावरच्या मुलाकडे ठेवायला देतात, कारण तो सर्वांच्या विश्वासाचा. निकालावर वाद झाला की अमानत सांभाळणाराच चोर ठरतो. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, आणि पैजेला जागा देणाराही त्यात अडकू शकतो. भाडे आगाऊ, दोन्ही संघांकडून निम्मे-निम्मे घ्यायचे आणि दारावर कुणाचीही रक्कम ठेवायची नाही, असा नियम काही ठिकाणी आहे. तिथे गिऱ्हाईक कमी झाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

दुपारच्या रिकाम्या तासांचा उपयोग काही मालकांनी चांगला केला आहे. हिवाळ्यात, किंवा वर सावलीची जाळी असेल तिथे, अकरा ते चार हा वेळ मुली आणि महिलांसाठी राखून ठेवायचा, चोहोबाजूंनी हिरवे कापड लावायचे आणि दारावर बाई नेमायची. दर निम्मा ठेवला तरी शून्यापेक्षा बरा, आणि एका घरात पगार जातो.

आमच्या कारागीर वाचकांना मात्र आम्ही सांगू की टर्फ काढण्यापेक्षा टर्फच्या भोवतीचा धंदा अधिक भरवशाचा आहे. प्रत्येक मैदानाला वेल्डर लागतो, वायरमन लागतो, जाळी विणणारा लागतो. प्रत्येक संघाला नावा-नंबरांच्या जर्सी लागतात. कापडावर रंग उष्णतेने उतरवणारी छपाई आता जिल्ह्याच्या गावी होते, आणि कापणे-शिवणे हा तर आपल्या शिंप्यांचा हातखंडा. बॅटी येतात जालंधर-मेरठहून आणि काश्मीरमधील अनंतनाग जिल्ह्यातून. जालंधरचा हा उद्योगच १९४७ नंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी उभारला, म्हणजे एका गावचे हुन्नर दुसऱ्या गावी जाऊन कसे रुजते याचा तो दाखला आहे. टेनिस चेंडूच्या क्रिकेटला तर २०२४ पासून स्वतःची व्यावसायिक स्पर्धाही मिळाली आहे, पहिली ठाण्यात झाली. तुटलेला दांडा काढून नवा बसवणे, त्यावर दोरा गुंडाळणे, पात्याची चीर सांधून टेप लावणे, हे काम सुताराच्या हाताचे आहे, आणि आज कितीतरी शहरांत त्यासाठी माणूस सापडत नाही. पोरे नवी बॅट घेतात कारण जुनी दुरुस्त करणारा ठाऊक नाही. टर्फच्या दाराशी एक लाकडी पेटी, एक शिकंजा, सरसाचा डबा आणि संध्याकाळचे चार तास. भांडवल पंधरा-वीस हजारांच्या आत, भाडे मालकाशी बोलून, आणि रात्री अकराला घरी.